दस्तगीर मुल्लाणीची कैफियत

प्रा. भूपाल मगदूम यांचं भाष्य महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचं, आणि ते आलं की निम्म्या महाराष्ट्रातल्या सरकारी वकिलांची झोप उडायची. तसं पाहिलं तर एका साध्या विधी मासिकातलं ते चार पानांचं सदर. पण मंत्रालयातले उपसचिव ते दार लावून वाचायचे आणि न्यायाधीश आपण ते वाचत नसल्याचं सांगून वाचायचे. एकच अध्यादेश पुन्हा पुन्हा का काढू नये, नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाने अधिकाऱ्यांच्या हाती किती सोपवावा, आदेशात कारणं का लिहावीत, असल्या रुक्ष विषयांवर सर असं लिहायचे, की वाचणाऱ्याला हे आपल्याच घरातलं भांडण चाललंय असं वाटावं. त्यांची एक खोड होती. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही इतकी झकास की समोरच्याने कपाळावर हात मारून म्हणावं, अरे, हे मला का सुचलं नाही! मग तिसऱ्या पानावर, हळूच, त्या बाजूखाली सुरुंग लावायचा.

या खेपेचा सुरुंग शलाका इंगवलेसाठी होता.

शलाका सरांची विद्यार्थिनी; तेही साधीसुधी नाही, लाडकी. आता ती राज्याच्या पूररेषा पुनर्वसन प्राधिकरणाची विशेष वकील होती, आणि ज्या यंत्रावर सरांनी लिहिलं होतं, ते यंत्र तिच्या डोक्यातून निघालेलं होतं. त्याचं नाव तिनेच ठेवलं होतं, ‘कैफियत’. भाष्याचं शीर्षक होतं, ‘ज्याला सगळं मिळालं त्याची तक्रार’. शलाकाने पहिली दोन पानं वाचली आणि तिला भरून आलं. ‘कैफियत’ची बाजू इतकी नीट तर तिनेही कधी मांडली नव्हती. तिसरं पान उलटायचं तिने जरा लांबवलं.

गोष्ट अशी होती. कृष्णा आणि वारणेच्या काठची शेकडो गावं आता दर दोन-तीन वर्षांनी पाण्याखाली जात होती. लाल पूररेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी पोचतं त्या हद्दीच्या आतल्या प्रत्येक घराला उंचावर हलवायचं ठरलं होतं, पण ठरवणं आणि होणं यांत सुनावण्या होत्या. कायदा म्हणतो, ज्याचं घर हलवायचं त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या. बरोबरच आहे. पण ऐकणारे अधिकारी मूठभर आणि सांगणारे लाखभर. तारखेवर तारीख पडायची. शलाकाच्या धाकट्या काकांची हरकत सहा वर्षं पडून होती. सातव्या वर्षी पाणी आलं आणि काका त्याच घरात, माळ्यावर बसल्या जागी गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या नावाने सुनावणीची नोटीस आली. त्या दिवसापासून कुणी ‘सुनावणी’ म्हटलं की शलाकाला ‘उशीर’ एवढंच ऐकू यायचं.

म्हणून ‘कैफियत’. विज्ञान म्हणाल तर फार अवघड नाही. माणूस काय मागेल, कशाला नाही म्हणेल, कशावर अडून बसेल, याच्या खुणा तो जगता जगता सोडत असतो. सातबारा, विजेचं मीटर, आरोग्य उपकेंद्रातल्या औषधांच्या नोंदी, उपग्रहाने टिपलेली अंगणं, जुने पंचनामे, कोर्टातले दावे. यंत्राला आधी झालेल्या लाखो सुनावण्या शिकवल्या होत्या. कशा परिस्थितीतला माणूस काय बोलतो, याचा त्याला सराव झाला होता. एखाद्या माणसाच्या सगळ्या खुणा हातात आल्या की ते त्याची सुनावणी स्वतःशीच हजारो वेळा घेई. कधी तो माणूस रागात असल्याचं धरून, कधी घाबरलेला, कधी खुशीत. जे म्हणणं फिरून फिरून वर येई, तेच त्याचं म्हणणं, त्याच्याच बोलीत लिहिलेलं. मग यंत्राचा दुसरा, वेगळा भाग ते म्हणणं विचारात घेऊन आदेश काढी. ज्या कामाला सहा वर्षं लागायची, ते दुपारच्या जेवणाआधी उरकायचं.

आणि ते खरं उतरत होतं. सुरुवातीला यंत्राचं लिखाण लखोट्यात बंद करून माणसांच्या खऱ्या सुनावण्या घेतल्या, मग दोन्ही ताडून पाहिलं. शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांचं एकही म्हणणं यंत्राच्या हातून सुटलं नव्हतं. उलट लोक जे विसरले होते तेही यंत्राने त्यांच्या वतीने मागून घेतलं होतं. दोन पावसाळ्यांत हजारो कुटुंबं उंचावरच्या नव्या गावठाणांत गेली आणि गेल्या पुरात त्या गावांतलं एकही माणूस गेलं नाही.

आता सरांचं तिसरं पान. बोरगणी गावच्या दस्तगीर मुल्लाणी नावाच्या गिरणीवाल्याला ‘कैफियत’ने नव्या गावठाणात रस्त्यालगतचा कोपऱ्याचा प्लॉट दिला, गिरणीला तीन फेजची लाईन दिली, दळपाला येणाऱ्या बायकांसाठी शेडसुद्धा दिली. गावात सगळ्यांत चांगली जागा त्याचीच. आणि हा गृहस्थ उच्च न्यायालयात गेला होता. तक्रार काय, तर ‘मला कुणी विचारलं नाही’. सरांनी लिहिलं होतं: “न्यायालयांनी काही वर्षं एक वाट काढली आहे. ऐकून घेऊनही निकाल तोच लागणार असेल, तर सुनावणी ही निरर्थक औपचारिकता समजावी. आजवर ही वाट चोरवाट होती, कारण निकाल तोच लागला असता हे कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं. आता यंत्राने ते सिद्ध केलं आहे. मुल्लाणी यांचं प्रकरण म्हणूनच महत्त्वाचं. ते हरले, तर यापुढे या देशात कुणालाही, काहीही विचारायची गरज उरणार नाही.”

खाली एक ओळ होती. या प्रकरणात न्यायालयाने प्रस्तुत लेखकाला न्यायमित्र म्हणून नेमलं आहे. म्हणजे कोणत्याच पक्षाचा वकील नाही, न्यायालयाला कायदा समजावून सांगणारा.

“झालं का समाधान!” शलाका रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

रविवारी ती सांगलीला सरांकडे गेली. सर अंगणातल्या बाकावर भडंगाची वाटी घेऊन बसले होते. पंच्याहत्तरीला आले होते, पण भडंगातले शेंगदाणे वेचून आधी खायची सवय सुटली नव्हती.

“ये. भांडायला आलीस की जेवायला?”

“दोन्हीला.”

“मग आधी भांडून घे. भरल्या पोटी तुझा आवाज उतरतो.”

शलाकाने पिशवीतून कागद काढले. आपण काय केलंय ते तिने सरळ सांगून टाकलं. सरांपुढे आडपडदा तिला कधी जमला नव्हता. तिने ‘कैफियत’ला सरांचीच सुनावणी घ्यायला लावली होती. पस्तीस वर्षांची भाष्यं, वर्गातली टिपणं, भाषणं, सगळं यंत्रात घातलं आणि विचारलं, प्रा. मगदूम न्यायमित्र म्हणून काय मांडतील? यंत्राने नऊ मुद्दे काढले होते.

सरांनी चष्मा लावून ते वाचले. मध्येच एकदा खुदकन हसले. मग आत जाऊन स्वतःच्या हस्ताक्षरातलं टिपण घेऊन आले आणि तिच्या हातात दिलं. “तुला पाठवणारच होतो. तू उत्तरं कच्ची आणलीस तर मला मजा यायची नाही.”

तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. नऊच्या नऊ मुद्दे तेच. क्रमही जवळपास तोच. चौथ्या मुद्द्यात सरांनी केलेला सरकारी घाईवरचा विनोदसुद्धा यंत्राच्या कागदावर होता. शलाकाला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तिला आनंद झाला नाही. इतक्या मोठ्या माणसाचा ठाव असा एका दुपारीत लागावा, याचं तिला वाईट वाटलं.

“म्हणजे मी घरी बसलो तरी चालेल की,” सर म्हणाले.

“सर, तसं नाही...”

“तसंच आहे अगं. फार सुरेख काम केलंयस तू. एकही मुद्दा सुटला नाही माझा.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. यंत्र कसं चालतं ते त्यांनी खोदून खोदून विचारलं, दोन ठिकाणी तर तिलाच उत्तर देता येईना. मग वाटी खाली ठेवून ते म्हणाले, “तुझे काका गेले तेव्हा मी तुझ्याकडे आलो होतो. आठवतं? सांगायला तोंड नव्हतं मला. आयुष्यभर सुनावणीचे गोडवे गायले आणि त्या सुनावणीनेच तुझा माणूस नेला. तुझी बाजू मी विसरलेलो नाही.”

“मग नऊ मुद्दे कशाला मांडता? यंत्र थांबलं तर श्रावणात किती घरं पाण्यात असतील, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. म्हणूनच येतोय. घरी बसलो तर तुझ्या यंत्राचा हा कागदच माझ्या नावाने वाचला जाईल, आणि त्या कागदाला श्रावणाची भीती वाटत नाही. मला वाटते.”

खंडपीठासमोर सुनावणी लागली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. आता उच्च न्यायालयात मराठीतूनही बोलता येत होतं, त्यामुळे बोरगणीहून दोन जीपा भरून माणसं आली होती. न्यायमूर्ती लोटलीकर अध्यक्षस्थानी होते. माणूस सावकाश बोलणारा, पण कुणाला मध्येच सोडणारा नव्हे.

शलाकाने बाजू मांडली. पुराचे आकडे, लखोट्यांचा प्रयोग, वाचलेली माणसं. आणि शेवटी निरर्थक औपचारिकता. ऐकून घेऊन जर काडीचाही फरक पडणार नसेल, तर त्या ऐकण्यासाठी गावं पाण्यात का ठेवायची? सरांनी आपले नऊ मुद्दे मांडले. ते मांडत असताना शलाकाने प्रत्येकावर खूण केली. तिच्याकडे नऊही उत्तरं तयार होती.

लोटलीकरांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले, “एवढा कायदा झाला, आता माणूस बघू. याचिकाकर्ते आलेत? इंगवले मॅडम, तुमच्या यंत्राने लिहिलेलं त्यांचं म्हणणं त्यांना वाचून दाखवा. त्यांचं तेच म्हणणं आहे का, ते कळू दे.”

दस्तगीर मुल्लाणी पुढे आला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेला. शलाकाने वाचायला सुरुवात केली.

“‘माझी गिरणी रस्त्याला लागून पायजे, मागं गेली तर धंदा बसतो. लाईन तीन फेजची पायजे. बाया दळण घिऊन उनात हुब्या ऱ्हात्यात, त्यांच्या डोक्यावर पत्रा पायजे. माझं गुडघं धरल्यात, म्हणून घर आणि गिरणी एकाच जाग्यावर पायजे. आणि कल्लाप्पा बिरनाळ्याच्या शेजारी जागा नको. त्याचा-माझा बोळाचा दावा वीस वर्सं चाललाय.’”

दस्तगीर तोंड उघडं टाकून ऐकत होता. “ह्यो तर मीच बोलतोय की!” तो म्हणाला, आणि मागे बसलेलं गाव हसलं.

“हे सगळं तुमचंच म्हणणं आहे?” शलाकाने विचारलं.

“व्हय.”

“काही चुकलेलं?”

“न्हाई. समदं बराबर हाय.”

लोटलीकरांनी लिहायला पेन उचललं. शलाका जिंकली होती. याचिकाकर्त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, की त्याला बोलावलं असतं तर तो हेच बोलला असता. तिने आता ‘एवढंच, मायलॉर्ड’ म्हणून खाली बसायचं, की दरवर्षी हजारो घरं उंचावर जाणार. आणि तिला दिसलं, की दस्तगीर परत फिरलेला नाही. तो कठड्याला धरून उभा होता आणि त्याचा अंगठा कठड्याच्या लाकडावरून पुढे-मागे फिरत होता.

आपल्याकडे कुणाचाही जबाब घेताना शेवटी एक प्रश्न विचारायची रीत आहे. फौजदारी कोर्टात विचारतात, खात्याच्या चौकशीत विचारतात. पट्टेवाल्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना तो पाठ असतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच लिहिलेलं असतं. ‘कैफियत’ तयार करताना शलाकाने तो काढून टाकला होता. लाखो जबाबांत त्या प्रश्नाने काहीच हाती लागलं नव्हतं, मग कशाला ठेवायचा?

खाली बस, असं तिचं मन तिला बजावत होतं. तिला काका आठवले, माळ्यावर बसलेले. आणि त्यांची आठवण येताच तिला हेही उमगलं, की सहा वर्षांत त्यांना कुणीही, अगदी तिनेही, तुमच्या मनात काय आहे असं विचारलं नव्हतं. सगळ्यांना ते माहीतच होतं.

“आणखी काही सांगायचंय?” तिने विचारलं.

दस्तगीरने मागे वळून पाहिलं, मग तिच्याकडे. “बाई, आता तुमी वाचलं न्हवं, कल्लाप्पाच्या शेजारी नको... ते ऐकलं आन् मनाला पटंना. त्ये ऱ्हाऊ द्या. मला कल्लाप्पाच्याच शेजारी जागा द्या. कोपऱ्याचा पिलाट गेला तरी चालतंय.”

“पण तुमचा तर दावा...”

“हाय की! दावा हाय म्हणून तर. वीस वर्सं सकाळी दार उघडलं की आधी त्याचं थोबाड बघतोय. त्यो मला शिव्या देतोय, मी त्याला. घरात बायकू ऱ्हायली न्हाई, पोरं पुण्याला. तारखंला दोघं एकाच येष्टीनं येतो, मागं-फुडं बसून. नव्या गावात कोपऱ्यावर एकटा बसून मी कुणासंगं भांडू?”

कुणी हसलं नाही. लोटलीकरांनी विचारलं, “हे तुम्ही याचिकेत का नाही लिहिलं?”

“मला तरी कुठं ठावं हुतं, सायेब? आता बाईंनी इचारलं तवा कळलं.”

शलाकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो तिला मुळीच सुखाचा वाटला नाही. यंत्राने काही सोडलं नव्हतं. विचारण्याआधी हे उत्तर जगात नव्हतंच. जे नव्हतं ते कुठल्या नोंदीतून निघणार? लखोट्याच्या प्रयोगात सुटलेल्या त्या थोड्या माणसांना तिने ‘चूक’ या रकान्यात टाकलं होतं.

सरकारची बाजू त्या क्षणाला पडली होती, हे दालनातल्या सगळ्यांना समजलं होतं. लोटलीकरांचे डोळेही ओलावले होते. दस्तगीरला बिरनाळ्यांच्या शेजारी जागा द्यावी, असं ते लेखनिकाला सांगू लागले. न्यायमित्रांनी आता गप्प बसायचं, बस.

सर उभे राहिले.

“माफ करा, मायलॉर्ड. कल्लाप्पा बिरनाळ्यांना विचारलंय का?”

“म्हणजे?” लोटलीकर म्हणाले.

“मुल्लाणींना शेजार मिळाला की बिरनाळ्यांनाही मिळाला. त्यांचं ऐकलेलं नाही. इतका वेळ मी ऐकून घेण्याबद्दलच बोलत होतो, आणि आता आपल्या सगळ्यांना गहिवरून आलं म्हणून आपण त्यांना न विचारताच आदेश काढायला निघालोय.”

सरकारविरुद्ध चाललेला निकाल सरांनी स्वतःच थांबवला होता. शलाकाने समोरचा कागद पाहिला. यंत्राने काढलेल्या नऊ मुद्द्यांत हा नव्हता. सरांच्या टिपणातही नव्हता. तिला वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटलं, आणि या माणसाची आपण विद्यार्थिनी आहोत याचा असा काही अभिमान वाटला, की क्षणभर आपण कोणाच्या वकील आहोत ते ती विसरली.

कल्लाप्पा दुसऱ्या दिवशी आला. उंच, वाळकुंडा, गळ्याशी उपरणं. आल्या आल्या म्हणाला, “मला लांबच द्या. यंत्रानं दिलंय तेच ऱ्हाऊ द्या.”

दस्तगीरचा चेहरा पडला. न्यायमूर्तींनी कारण विचारलं.

“गिरणी,” कल्लाप्पा म्हणाला. “पाटं पाचला पट्टा चढतोय. माझ्या मंडळींचं डोकं उठतंय. आजपतूर एक दिस ती पुरती झोपलेली न्हाई, सायेब. म्हटलं, नव्या घरात तरी सुखानं झोपंल.”

“पण तुमचा दावा तर बोळाचा आहे.”

“आवाजाचं वकिलास्नी सांगितलं हुतं. ते म्हणाले, गिरणीला पंचायतीचा परवाना हाय, आवाजाचं काय चालायचं न्हाई. बोळाचं धरा, त्यात दम हाय. मग बोळाचं धरलं. मला काय करायचाय बोळ?”

वकिलांच्या बाकांवर चुळबूळ झाली. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी हेच केलं होतं. माणसाचं दुखणं एक असतं आणि दाव्यात बसेल असं दुखणं दुसरं. ते दुसरं लिहायचं आणि पहिलं विसरून जायचं. यंत्राने तेच वाचलं होतं. दोघांना लांब ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, त्यामागचं कारण मात्र साफ चुकलेलं होतं.

दस्तगीर परवानगी न घेताच पुढे आला. “वैनींचं डोकं उठतंय? मला का रं न्हाई बोललास?”

“तू कवा इचारलंस?”

दस्तगीरने आपला सदरा दोनदा सारखा केला. मग न्यायमूर्तींकडे वळून म्हणाला, “कोपऱ्याचा पिलाटच ऱ्हाऊ द्या, सायेब. त्याला लांब द्या.” आणि कल्लाप्पाला, जरा दरडावूनच, “दळण मातर माझ्याकडंच आणायचं. न्हाईतर दुसरा दावा लावीन.”

“आणतो की,” कल्लाप्पा म्हणाला.

शलाकाच्या समोरच्या पडद्यावर प्राधिकरणाच्या सचिवसाहेबांचा निरोप झळकला. ते मुंबईतून सगळं पाहत होते. ‘निकाल तोच! प्लॉट तेच! यंत्र बरोबर ठरलं. आता निरर्थक औपचारिकतेवर जोर द्या, काम फत्ते.’

साहेबांचं चुकत नव्हतं. इतका चोख पुरावा तिला मागूनही मिळाला नसता. दोन दिवस, दोन न्यायमूर्ती, दोन जीपा माणसं, आणि आदेशात एक अक्षरही बदललं नव्हतं. लोटलीकरांच्याही तेच मनात आलं असावं.

“इंगवले मॅडम, निकाल तर तोच राहिला. राज्याचं म्हणणं काय? ही सुनावणी निरर्थक झाली?”

शलाका उठली. तिने सरांकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर आपण त्यांच्यासाठी बोलतोय असं तिला वाटलं असतं. तिने पाहिलं ते दस्तगीरकडे. तो कल्लाप्पाला बसायला बाकावर जागा करून देत होता.

“नाही, मायलॉर्ड,” ती म्हणाली. “राज्य हा मुद्दा सोडून देतंय.”

“कारण?”

“परवापर्यंत ही दोन माणसं राज्याने हलवलेली माणसं होती. आज ती आपल्या पायांनी जाणार आहेत. प्लॉट तेच आहेत, जाणं तेच नाही. आणि...” तिला शब्द जुळवावे लागले नाहीत. “माझे काका पाण्यात गेले ते सुनावणीमुळे, असं मी आजवर समजत आले. त्यांची सुनावणी झालीच नव्हती. झाली असती तर ते गेले नसते.”

पडद्यावर सचिवसाहेबांचे निरोप एकावर एक आदळत होते. तिने पडदा पालथा घातला.

पेन खाली ठेवून लोटलीकर म्हणाले, “तुमचा प्रामाणिकपणा मी नोंदवून घेतो. पण आता माझी अडचण ऐका. यंत्र बंद करा म्हटलं तर श्रावणात गावं पाण्यात. तुम्ही सांगाल, यंत्राने म्हणणं लिहावं आणि ते प्रत्येकाला समोर बसवून वाचून दाखवावं. मग शेवटचा प्रश्न विचारावा. मला मान्य आहे. पण लाल रेषेत अजून हजारो घरं आहेत आणि तुमच्याकडे ऐकायला माणसंच नाहीत, म्हणून तर तुम्ही यंत्र आणलंत. पावसाच्या आत एवढ्या लोकांसमोर कोण बसणार आहे? वेळ कुणाला आहे?”

शलाकाने शंभर वेळा हा हिशेब मांडून पाहिला होता आणि तो कधीच बसला नव्हता. त्या न बसणाऱ्या हिशेबातूनच तर ‘कैफियत’ जन्माला आली होती.

तिच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रा. भूपाल मगदूम गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठत होते. पस्तीस वर्षं ज्यांच्या चार पानांनी सरकारं हलवली, त्या माणसाने वर्गातल्या पोरासारखा एक हात वर केला.

“मला वेळ आहे,” ते म्हणाले.